काळी माती, पाटाचे पाणी आणि सायकल : शिंदखेडा परिसरातील हिवाळी ओल्या वाटांचा इतिहास

प्रस्तावना

खानदेशच्या दळणवळणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा दोन गोष्टींवर स्थिरावते. एक मुंबई-आग्रा मार्ग आणि दुसरा लोहमार्ग. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले, एकोणिसाव्या शतकात आग्रा मार्ग पक्का होत गेला, १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत आगगाडी आली आणि शतक संपता संपता तापी खोऱ्याचा लोहमार्ग शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा या गावांवरून धावू लागला. हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु स्थानकापासून गावापर्यंतचे आणि गावापासून शेतापर्यंतचे जे शेवटचे एक-दोन कोस, त्यांचा इतिहास या मांडणीत सापडत नाही. सामान्य माणसाचे आयुष्य मात्र त्या दोन कोसांतच गेले.

प्रस्तुत लेखात या शेवटच्या कोसांचा विचार सायकल या वाहनाच्या आधारे केला आहे. चिखलाच्या, पाणथळ वाटांवरून हिवाळ्यात सायकल चालविणे हा युरोप-अमेरिकेत आज एक प्रतिष्ठित खेळ आहे. शिंदखेडा तालुक्यात तो खेळ नव्हता आणि आजही नाही. येथे अशा वाटेवर सायकल घातली ती शाळामास्तरांनी, टपालवाल्यांनी, दूधवाल्यांनी, रात्रीच्या पाण्याच्या पाळीवर निघालेल्या शेतकऱ्यांनी आणि अलीकडच्या काळात विद्यार्थिनींनी. यातून एक साधा प्रश्न उभा राहतो. खानदेशात हिवाळा हा कोरडा ऋतू असताना या वाटांवर चिखल येतो कोठून ? या प्रश्नाचे उत्तर पावसात नाही, पाटाच्या पाण्यात आहे. म्हणूनच येथील ओल्या वाटेचा इतिहास हा पाणीवाटपाचा आणि वहिवाटीच्या हक्काचा इतिहास ठरतो.

काळी जमीन आणि चाकोरी

शिंदखेडा तालुक्याचे भूमिस्वरूप दुहेरी आहे. उत्तरेला तापीच्या काठाने खोल गाळाची काळी जमीन पसरली आहे. दक्षिणेकडे सरकावे तसतशी जमीन उथळ, मुरमाड आणि बरड होत जाते. या बरड भागात पूर्व-पश्चिम धावणाऱ्या दगडी भिंतींसारख्या अरुंद टेकड्या दिसतात. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांना पडलेल्या भेगांत तप्त शिलारस शिरून थिजला आणि भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर या भिंती उघड्या पडल्या. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भित्ती भूवैज्ञानिकांनी नोंदविल्या असून त्यांवरील एक महत्त्वाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. भूशास्त्रज्ञाला या भिंती पृथ्वीच्या पोटातील ताण सांगतात. वाटसरूला त्या एवढेच सांगतात की, येथे पाणी थांबत नाही आणि पाऊल रुतत नाही.

काळ्या जमिनीचे तसे नाही. बेसाल्ट खडकाच्या विघटनातून तयार झालेल्या या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि चिकटते. वाळली की आकसते आणि तिला हात-हात खोल भेगा पडतात. ओली असताना ती चाकाला, पायाला, नांगराच्या फाळाला, बैलाच्या खुराला सारखीच धरते. शेतकऱ्याच्या भाषेत या दोन टोकांमध्ये एक तिसरी अवस्था आहे, तिला ‘वाफसा’ म्हणतात. माती ओलसर आहे पण चिकटत नाही, घट्ट आहे पण फुटते, अशी ही अवस्था. वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालू नये हा नियम प्रत्येक कुणब्याला ठाऊक असतो. वाटेलाही हाच नियम लागू पडतो, याची दखल मात्र दळणवळणाच्या इतिहासकारांनी फारशी घेतलेली नाही.

मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आज आपण वागण्याच्या ठरावीक पद्धतीसाठी वापरतो. मूळ चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने मातीत पाडलेली खोल रेघ. ओल्या काळ्या जमिनीतून एकदा बैलगाडी गेली की तिची चाकोरी उमटते, ती वाळल्यावर विटेसारखी कठीण होते आणि पुढच्या प्रत्येक गाडीला त्याच चाकोरीतून जावे लागते. चाकोरीबाहेर जाणे अवघड का असते, हे या शब्दाचा अर्थ कोशात शोधण्यापेक्षा तापीकाठच्या गाडवाटेवर अधिक लवकर कळते.

या मातीमुळे खानदेशातील प्रवासाला ऋतूंचे बंधन पडले. पावसाळ्यात गावे एकमेकांपासून तुटत आणि दिवाळीनंतर पुन्हा जोडली जात. इंग्रज अधिकाऱ्यांचे जिल्ह्यातील दौरे हिवाळ्यात होत. कापसाची वेचणी व वाहतूक याच काळात चाले. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली, तेव्हा खानदेशातील गाडवाटांवरील रहदारीचा सर्व भार या चार-पाच महिन्यांवर आला. तापीच्या पलीकडे सारंगखेडा येथील दत्तजयंतीची यात्रा आणि तिचा प्रसिद्ध घोडेबाजार मार्गशीर्षात भरतो, यामागे धार्मिक कारण आहेच; परंतु दूरदूरच्या व्यापाऱ्यांनी घोडे घेऊन यावे यासाठी वाटा सुकलेल्या असाव्या लागतात, हेही नजरेआड करता येत नाही. थोडक्यात, हिवाळा म्हणजे मोकळ्या वाटांचा ऋतू. अशा ऋतूत चिखल हा अपवाद होय, आणि अपवादाला कारण लागते.

फड, पाट आणि पाण्याची पाळी

ते कारण पांझरा, कान, बुराई या नद्यांच्या खोऱ्यांत शोधावे लागते. पांझरा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघून साक्री, धुळे अशी वाहत येते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे, कपिलेश्वराच्या मंदिराजवळ, तापीला मिळते. बुराई साक्री तालुक्यातील डोंगरातून येऊन चिमठाणे व शिंदखेडा या गावांजवळून तापीकडे जाते. या नद्यांवर, विशेषतः साक्री व धुळे तालुक्यांच्या भागात, किमान तीन शतके चालत आलेली फड पद्धती ही खानदेशची स्वतःची सिंचनव्यवस्था होय. नदीवर दगडी बंधारा घालायचा, काठाने पाट काढायचा आणि पाटाखालील जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड, पाडायचे. एका फडात एका हंगामी एकच पीक. कोणत्या वर्षी कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात रब्बीचे पीक आणि कोणता फड पडीक ठेवायचा हे गावाने मिळून ठरवायचे. पाणी वाटण्यासाठी पाटकरी, बारेकरी, राखणीसाठी जागल्या आणि त्यांच्यावर हवालदार अशी गावनियुक्त माणसे असत.

या पद्धतीची प्रशंसा आजवर पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी झाली आहे आणि ती रास्त आहे. तिचा दुसरा एक गुण मात्र अलक्षित राहिला. एका फडात एकच पीक असल्यामुळे संपूर्ण फड एकाच काळात भिजे आणि एकाच काळात वाफशावर येई. कोणती वाट कोणत्या दिवसांत बंद राहणार हे सगळ्या गावाला आधीच ठाऊक असे. फडाच्या शेवटी उरलेले पाणी नाल्यावाटे पुन्हा नदीत सोडण्याची सोय असे. त्यामुळे ते वाटेत साचून राहत नसे. म्हणजे फड पद्धतीत चिखल होता, पण त्याला वेळापत्रक होते. तंट्याचा निकालही गावातच लागे, कारण पाणी सोडणारा आणि वाट तुडविणारा ही दोन्ही माणसे एकाच फडातली.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर तेलाची व पुढे विजेची इंजिने बसली, आणि पाणी गावाच्या ताब्यातून एकीकडे पाटबंधारे खात्याच्या आवर्तनांकडे व दुसरीकडे एकट्या शेतकऱ्याच्या मोटारीकडे गेले. शिंदखेडा तालुक्यात मालपूरजवळ अमरावती नदीवर मध्यम प्रकल्प झाला. बुराईवरही प्रकल्प झाला. या शतकाच्या पहिल्या दशकात तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज उभे राहिले. सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या, वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या या तालुक्याला प्रत्येक थेंबाची गरज होती, याविषयी दुमत नाही. गव्हाला, हरभऱ्याला, कांद्याला हिवाळ्यात पाणी मिळाले हे मोठेच काम झाले. परंतु आता प्रत्येकाचे पाणी वेगळ्या दिवशी, बहुधा रात्रीच्या विजेच्या वेळेत, सुटू लागले. पाट फुटला, बारे तोडायला उशीर झाला, चारीचे तोंड वाटेकडे राहिले, की त्या शेताशेजारची वाट ऐन पौषात आषाढासारखी होते. हा चिखल कधी व कोठे होईल हे मग कोणालाच सांगता येत नाही.

निसर्गाचा वाटाही अगदी नाही असे नव्हे. हिवाळ्यात अधूनमधून अवकाळी पाऊस व गारपीट होते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस उत्तर महाराष्ट्राने तिचा फटका अनुभवला. पण अवकाळी पाऊस एखाद्या वर्षी येतो. पाटाचे पाणी दरसाल येते.

सायकलचे आगमन

अशा भूमीवर सायकल आली. सामान्य माणसाच्या हाती आलेली यंत्रे हा वसाहतकालीन भारताच्या इतिहासाचा एक स्वतंत्र विषय आहे, हे डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी यांच्या आधारे दाखवून दिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायती सायकल ही अधिकारी, वकील, डॉक्टर यांची वस्तू होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान तिची किंमत उतरली आणि ती शिक्षक, कारकून, फिरते व्यापारी यांच्यापर्यंत आली. याच काळात, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगारा हे तरुण आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये परतले. त्यांचे साहस असामान्य होते. परंतु भारतीय सायकलीचा खरा इतिहास अशा प्रदक्षिणांत कमी आणि रोजच्या तीन-चार मैलांच्या फेऱ्यांत अधिक आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथे कारखाने निघाले आणि साठ-सत्तरच्या दशकांत देशी बनावटीची काळी सायकल खेड्यातील सुखवस्तू घराची खूण बनली. लग्नातल्या देण्याघेण्यात घड्याळ आणि रेडिओबरोबर तिचे नाव येऊ लागले. नगरपालिका तिच्यावर कर बसवीत आणि कर भरल्याचा पितळी बिल्ला देत. रात्री दिवा नसला की पोलीस अडवीत. ज्याला विकत घेणे शक्य नव्हते त्याच्यासाठी बाजाराच्या गावात तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती.

ही सायकल ज्या देशात घडली तेथील रस्ते डांबरी होते. अठ्ठावीस इंची चाक, दीड इंच रुंदीचा टायर, सळईचे ब्रेक, एकच गिअर, चाकाला लगटून बसविलेले मडगार्ड, पूर्ण बंद चेनकव्हर आणि सगळे मिळून वीस किलोच्या घरात जाणारे वजन, हा तिचा बांधा. मुरमाड वाटेवर तिने उत्तम काम दिले. आग्रा मार्गावर, रोजगार हमीच्या कामांतून १९७२ च्या दुष्काळानंतर झालेल्या खडीच्या रस्त्यांवर, दक्षिणेकडील बरड माळावर ती अडत नसे. काळ्या जमिनीत मात्र तिचा प्रत्येक गुण दोष ठरला. अरुंद टायर मातीत खोल जातो. वर आलेली माती मडगार्डाच्या आत शिरते आणि तेथून निघण्यास जागा नसल्यामुळे थरावर थर चढत जातो. विसेक पावलांत चाक फिरणे थांबते. ब्रेकच्या रबरांवर माती बसते, रिमची पकड सुटते. चेनकव्हरमध्ये गेलेली ओल फ्रीव्हीलच्या कुत्र्यांपर्यंत पोचते आणि पायडल मारले तरी चाक ओढ घेत नाही.

यावर खेड्याने जे उपाय काढले ते कोणत्याही पुस्तकात नाहीत, परंतु जुन्या सायकली पाहिल्या तरी ते वाचता येतात. मडगार्ड काढून टाकलेले, निदान पुढचे. चेनकव्हर नाही. कॅरिअरला खोचलेली काडी किंवा जुन्या खुरप्याचे पाते, चाकातली माती खरवडण्यासाठी. छऱ्यांना सढळ हाताने भरलेले वंगण. आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे सायकल खांद्यावर घेणे. ज्या वाहनाने माणसाला वाहून न्यायचे, त्याला माणूस वाहून नेतो, हे दृश्य तापीकाठच्या काळ्या पट्ट्यात एके काळी नित्याचे होते. त्यात कोणाला हसू येत नसे. ओलीचा पट्टा बहुधा दोन-चार शेतांपुरता असतो. पुढचे दोन मैल पुन्हा सायकलचेच असतात. तेवढ्यासाठी सायकल घरी ठेवणे परवडणारे नव्हते.

स्वातंत्र्यलढ्यातील एक घटना येथे या दृष्टीने आठवावी. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना लुटला. सातारच्या प्रतिसरकारातील जी. डी. लाड व नागनाथ नायकवडी आणि खानदेशातील डॉ. उत्तमराव पाटील यांची नावे या घटनेशी निगडित आहेत. तिची वीरकथा अनेकदा सांगितली गेली आहे. दिवस मात्र चैत्राचा होता, याकडे क्वचितच लक्ष जाते. पिके निघालेली, पाट कोरडे, जमीन भेगाळलेली. अशा दिवसांत काळी जमीन कोणत्याही दिशेने ओलांडता येते. हीच कामगिरी श्रावणात किंवा पाण्याच्या पाळीच्या दिवसांत करावयाची झाली असती, तर शेतांतून पांगणे इतके सोपे गेले नसते, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

खेळ आणि गरज

आता जगाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण चिखल आणि सायकल यांचा संबंध तेथे वेगळ्या वळणाने गेला. फ्रान्समध्ये हिवाळ्यात सराव ठेवण्यासाठी सायकलस्वार शेतांतून, ओढ्यांतून, कुंपणांवरून जात. दानियेल गुसो याने पुढाकार घेऊन १९०२ मध्ये या प्रकाराची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली. सायक्लोक्रॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात सायकल खांद्यावर घेऊन धावणे हे एक अधिकृत कौशल्य मानले जाते. शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला हे कौशल्य कोणी शिकविले नव्हते आणि त्याबद्दल कोणी पदकही दिले नाही. इंग्लंडमध्ये १९५५ साली डोंगरवाटांवर सायकल नेणाऱ्या हौशी मंडळींनी आपला संघ स्थापन केला. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुणांनी १९३०-४० च्या दशकांतील जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली उकिरड्यांतून व अडगळीतून शोधून काढल्या आणि त्या माउंट टॅमलपाइस परिसरातील डोंगरउतारावरून खाली पिटाळण्यास सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झालेल्या पहिल्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले, कारण उताराच्या शेवटी ब्रेकमधील वंगण जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली यांच्या धडपडीतून पुढील चार-पाच वर्षांत नव्या प्रकारची सायकल आकाराला आली. १९८१ मध्ये ती कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली आणि १९९६ मध्ये माउंटन बायकिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

या नव्या सायकलीचा बांधा पाहिला तर खेड्यातील सायकल-दुरुस्ती करणाऱ्याला त्यात ओळखीचे बरेच काही सापडेल. मडगार्ड नाही. चेनकव्हर नाही. चाक आणि चिमटा यांत माती पडून जाईल एवढी मोकळी जागा. टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद, गुठळ्यांचा, कमी हवेवर चालणारा. ब्रेक रिमवर न लावता चाकाच्या मध्यावरील चकतीवर लावलेला, म्हणजे चिखलापासून दूर. गरजेने जे काढून टाकले तेच खेळाने काढून टाकले. फरक एवढाच की खेळाला त्यापुढे जाऊन नवे काही घडविण्याइतका पैसा मिळाला. खेळातली एक वादाची बाब मात्र काळ्या जमिनीवर वेगळी ठरते. सायक्लोक्रॉसमध्ये अरुंद टायरचे समर्थन असे केले जाते की तो चिखल कापून खालच्या टणक थरापर्यंत जातो. तेथे टायरची रुंदी नियमानेच ३३ मिलिमीटरपर्यंत मर्यादित आहे. तापीकाठच्या गाळात खाली टणक थरच चाकाच्या आवाक्यात नसतो. तेथे अरुंद टायर केवळ रुततो.

महाराष्ट्रात या खेळाने अलीकडे मूळ धरले आहे. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत मिळविलेले यश त्याची साक्ष देते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी शर्यत पूर्ण केली. ती रस्त्यावरची असली तरी उत्तर महाराष्ट्रात तिने सायकलीला नवी प्रतिष्ठा दिली. शिंदखेडा तालुक्याच्या दक्षिण भागातील दगडी भित्ती आणि मुरमाड वाटा या खेळाला अनुकूल आहेत, हे कोणाही जाणकाराला दिसेल. परंतु तेथे चिखल नाही. आणि जेथे चिखल आहे तेथे जाणाऱ्याला खेळायचे नसते.

खेळाच्या जगातील एक संकेत मात्र येथे विचारात घेण्याजोगा आहे. वाट ओली असताना तिच्यावर सायकल घालू नये, कारण ओल्या वाटेत पडलेली खाच वाळल्यावर कायम राहते आणि पुढच्या पावसात तिच्यातून पाणी वाहून वाट खचते, असा संकेत अमेरिकेत १९८८ पासून संघटितपणे रुजविला गेला. वाफशाचा नियम आणि हा संकेत एकच होत. फरक असा की हौशी स्वार वाट सुकेपर्यंत एक-दोन दिवस थांबू शकतो. सकाळी साडेदहाला शाळा असलेली मुलगी थांबू शकत नाही.

तुटक रेषेवरची सायकल

हा मुद्दा केवळ भावनेचा नाही. मानव विकास मिशनअंतर्गत राज्यातील मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना २०११-१२ पासून राबविली गेली. मुलींच्या शिक्षणातील गळती रोखण्यासाठी हा उपाय योग्यच होता. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने अनेक गावे डांबरी रस्त्याने जोडली, त्यामुळे सायकलीला धावण्यास जागाही मिळाली. तथापि मळ्यात, वस्तीवर, शेतातल्या घरात राहणाऱ्या कुटुंबांची संख्या सिंचनाबरोबर वाढत गेली आहे. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा भाग हा त्याच जुन्या शिववाटेचा किंवा बांधावरच्या पायवाटेचा असतो, आणि पाण्याची पाळी त्याच्याच शेजारून जाते. दिलेली सायकल ही साधी, अरुंद टायरची, मडगार्ड असलेली. तिचे काय होते ते वर सांगितलेच आहे. ज्या घरात मोटारसायकल आहे तेथील पुरुषमंडळी ती घेऊन वळसा घालून जातात. मुलीला वळसा परवडत नाही, चिखल टाळता येत नाही, आणि ओल्या कपड्यांनी वर्गात बसण्याऐवजी ती त्या दिवशी घरीच राहते. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे नोंदले गेले. त्या सायकली वर्षातील किती दिवस वाटेवर चालू शकतात, हे जनगणना विचारत नाही.

अशा वाटेची कायदेशीर स्थिती काय, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे ऐतिहासिक मूळ हाती लागते. महसुली गावनकाशांत वाटांचे प्रकार रेषांनी दाखविलेले असतात. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. ही वर्गवारी ज्या मोजणीतून आली त्या मोजणीच्या काळी खेड्यात दोनच प्रकारचे प्रवासी होते, बैलगाडीतले आणि पायी. सायकल त्यानंतर आली आणि ती गाडी असूनही पायमार्गावरून चालू लागली. म्हणून नकाशाच्या भाषेत तिला जागाच नाही. प्रत्यक्षात बांध कोरून कोरून सव्वाआठ फुटांची वाट अनेक ठिकाणी दोन-तीन फुटांवर आली आहे. चारही बाजूंनी शेते उंच आणि वाट खोल, असे झाल्यावर पाट फुटला की पाण्याला उतरायला दुसरी जागा उरत नाही.

तक्रारीसाठी मार्ग आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा दूर करण्याचा दावा तहसीलदारांपुढे, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाखल करता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून जाण्याचा हक्क मागता येतो. परंतु या दोन्ही तरतुदी वाट अडविली गेली किंवा वाटच नाही, अशा प्रसंगांसाठी आहेत. वाट आहे, मोकळी आहे, फक्त पौष-माघात दर पाळीला पंधरा दिवस तिच्यात पाणी उभे असते, या तक्रारीला त्यांत सरळ उत्तर नाही. फडाच्या गावात ते उत्तर हवालदाराकडे होते. पुढे फड मोडला, पाणी खात्याकडे गेले, वाट महसुलाकडे राहिली, शाळा शिक्षण विभागाकडे. आणि या तिघांची गाठ जेथे पडते त्या चिखलाला वाली उरला नाही.

शेतरस्त्यांकडे शासनाचे लक्ष गेल्या काही वर्षांत वळले आहे. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना जाहीर झाली आणि २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय झाला. या दोन्हींचा भर शेतीयंत्रे व शेतमालाची वाहतूक यांवर आहे. ट्रॅक्टर जाऊ शकेल अशा वाटेवरून सायकलही जाईल, असे गृहीत धरले जाते. काळ्या जमिनीवर हे गृहीतक टिकत नाही. ओल्या वाटेतून ट्रॅक्टर पार होतो आणि मागे गुडघाभर चाकोरी ठेवून जातो. ती चाकोरी वाळल्यावर तिच्यातून सायकल चालविणे हे चिखलातून चालविण्याहून कठीण असते.

दरम्यान तापीचे पाणी उपसून तालुक्याच्या कोरड्या भागात नेण्यासाठी आखलेल्या सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेची कोनशिला १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथे बसविण्यात आली. हे पाणी ज्या शिवारांत पोचेल त्यांत काही मुरमाड आहेत, काही काळी. त्या काळ्या शिवारांतील पायवाटांनी आजवर हिवाळी चिखल पाहिलेला नाही. त्यांच्या गावनकाशांवरही एकेरी तुटक रेषा आहेत आणि चाऱ्यांची आखणी होताना त्या रेषा कोणी समोर ठेवतो की नाही, यावर तेथील मुलींच्या माघातल्या हजेरीचा पट अवलंबून राहणार आहे.